काकांच्या सालात राहणाऱ्या काकी

"थांबा हं, आज कुठलं साल आहे ते बघून येते."

काकांना भेटायला कुणी दारात आलं की काकी असं म्हणत, पदराला हात पुसत आत जात आणि दोन मिनिटांनी बाहेर येऊन हलक्या आवाजात बातमी देत. "आज लग्नाला दोनच वर्षं झालीत. मुलगा अजून व्हायचाय, तेव्हा त्याची चौकशी करू नका." किंवा, "आज नोकरी चालू आहे. दसऱ्याचा दरबार तोंडावर आलाय, घाईत आहेत. पाचच मिनिटं बसा." पाहुणा नवा असला तर गोंधळून जाई. आम्ही गल्लीतले मात्र सरावलो होतो. सांगतील त्या सालात, चपला बाहेर काढून, शिरायचं.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू होण्याआधीच्या चार-पाच वर्षांतली. ग्वाल्हेरला संस्थान होतं आणि मी इंदरगंजात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. राहायला खासगी बाजारातल्या एका अरुंद गल्लीत, माडीवरच्या एका खोलीत. काका-काकी समोरच्या घरात. मुलगा इंदूरला नोकरीला. काकींचं नाव मला माहीत आहे. पण सगळी गल्ली, अगदी त्यांच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा, त्यांना काकीच म्हणत. इथेही काकीच राहू द्या.

काका संस्थानच्या फर्राशखान्यात होते. फर्राशखाना म्हणजे तंबू, जाजमं, गालिचे, लोड-तक्के यांचं खातं. दरबार भरायचा तेव्हा कोणत्या सरदाराची गादी कुठे, कोणाला लोड, कोणाला नुसता तक्क्या, कोण उजवीकडे, कोण डावीकडे, हे सगळं काकांच्या डोक्यात असे. कागद बघावा लागत नसे. तीस वर्षांत एकाही मानकऱ्याची गादी हातभरसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, असं काकी अभिमानाने सांगत. आणि पेन्शन घेतल्यावर तीन-चार वर्षांत त्याच डोक्यातून एकेक गोष्ट उठून जायला लागली.

आधी छत्री विसरले. छत्री कोणीही विसरतं. मग चपला दुधाच्या फडताळात सापडल्या. मग एक दिवस भोपळा आणायला गेले आणि भाजीवालीसमोर उभे राहून "ते गोल, पिवळं, तुमच्याकडे असतं ते" असं म्हणत राहिले. भाजीवालीने त्यांना लिंबं दिली. काकी म्हणाल्या, "लिंबं बघून मी इतकी चिडले, की त्यांचं सरबतसुद्धा केलं नाही."

काकांना घेऊन त्या आमच्या दवाखान्यात आल्या तेव्हा विसरण्यावरून होणारी ही भांडणं दोन वर्षं जुनी झाली होती. डॉक्टरांनी काकांचे डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि विचारलं, "काका, महिना कोणता चाललाय?"

काका गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला माहीत नाही?"

डॉक्टर हसले. मग काकांना माझ्याजवळ बसवून काकींना म्हणाले, "लोक याला म्हातारचळ म्हणतात. हा चळ नव्हे, आजार आहे. मेंदू आतून झिजत जातो. यावर अजून कुठेच औषध निघालेलं नाही, मग मी बाटली भरून काय देऊ? एकच ध्यानात ठेवा, ते हे मुद्दाम करत नाहीत."

"मुद्दाम करत नाहीत," काकींनी ते शब्द परत म्हणून पाहिले. मग म्हणाल्या, "हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती परेशानी वाचली असती हो."

तरीही सगळं लगेच समजलं असं नाही. पुढच्याच महिन्यात काकांनी एका सकाळी विचारलं, "आई कुठे आहे?" आई जाऊन बावीस वर्षं झाली होती. काकींनी खरं ते सांगितलं. काका रडले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. तिसऱ्या दिवशीही. काकी मला म्हणाल्या, "एका बाईचं सुतक मी त्यांना तीनदा धरायला लावलं. चौथ्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुमच्या आईंना काय काय आवडायचं हो? झालं. तासभर सांगत बसले. मजेत जेवले. मला कळलं, त्यांना आई हवी होती, उत्तर नको होतं."

त्या दिवसापासून काकी काकांच्या सालात राहायला गेल्या.

बाड्यावरचा एक प्रसंग मी स्वतः पाहिला. सकाळी दवाखान्यात निघालो होतो, तर महाराज बाड्यावर, शहरातल्या मोठ्या चौकात, टांग्यांच्या अड्ड्याशी गर्दी जमलेली. मध्ये काका. डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, पाय मात्र अनवाणी. काका टांगेवाल्यांना मानाप्रमाणे रांगेत लावत होते. "तुम्ही तिसरे. तुमच्या वडिलांपासून तिसरे. मागे घ्या."

तो टांगेवाला कुरकुरला, "बाबूजी, मैं तो सवेरे सबसे पहले आया था."

"आधी येण्याने मान ठरत नाही," काका म्हणाले. आणि सांगतो, त्यांच्या आवाजात असं काही वजन होतं की त्याने खरोखरच घोडा मागे घेतला. लोक हसत होते. मी पुढे होऊन काकांचा दंड धरला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात सोडला. शेवटी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा टांगेवाला खाली उतरला. त्याने वाकून सलाम केला आणि म्हणाला, "हुज़ूर, दरबार बरखास्त हो गया. सवारी घर पधारे." काकांनी एकवार सगळी रांग नीट पाहिली, मान हलवली आणि त्याच्या टांग्यात चढून बसले. मी मागच्या बाजूला, पाय सोडून.

काकी त्यांना शोधत नेमक्या उलट दिशेला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा त्यांचेही पाय अनवाणी होते.

शेजारणींनी सांगितलं, आता दाराला कुलूप लावा. काकींनी कुलूप लावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या काकांना पगडी-कोट घालून, बरोबर घेऊन निघाल्या आणि गल्लीच्या तोंडापासून बाड्यापर्यंत एकेका दुकानाची पायरी चढल्या. हलवाई, अत्तरवाला, कासार, पानवाला. "हे आमचे हे. कभी अकेले दिखें तो टोकना मत, बहस मत करना. बिठा लेना, पानी देना, आणि कोणाला तरी माझ्याकडे पाठवा." हिंदी आणि मराठी अशी एकाच दमात. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांनी हसून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात काका अत्तरवाल्याकडे सापडले, कानात फाया घालून, आरामात टेकून. मग ते नेहमीचंच झालं.

कोटाच्या आतल्या खिशावर काकींनी लाल दोऱ्याने गल्लीचं नाव आणि घराची खूण भरली. काकांनी विचारलं, हे काय? काकी म्हणाल्या, "धोबी कोट बदलून टाकतो ना, म्हणून." काकांना ते फार पटलं. "धोब्यांचं लक्ष नसतं," ते म्हणाले.

काकांचे धाकटे भाऊ उज्जैनला असत. ते एकदा आले ते ठरवूनच. मला जिन्यावर गाठून म्हणाले, "वहिनींनी दादाचा पोरखेळ करून टाकलाय. तो बोलेल त्याला या हो म्हणतात. त्याने तो जास्तच बिघडतो. एक खोली, बाहेरून कडी, आणि आमच्याकडे एक मांत्रिक आहे, त्याला आणतो."

काकी आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, जेवून घ्या, मग बोलू." मलाही थांबवून घेतलं.

पानं वाढायच्या आधी त्यांनी काकांना विचारलं, "आज बैठक कशी लावायची?" काका ताठ बसले. मला उजवीकडे बसवलं. शेजारच्या निवृत्त सुभेदारांना कायम वरची जागा असे, ती आज ते नसतानाही रिकामी ठेवली. धाकट्या भावाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आपण दाराशी."

भाऊजींचं तोंड उतरलं. दाराशी पाट मांडून बसले. वरणभात संपत आला तेव्हा काका अचानक उठले, आपल्या पानातली अर्धी पुरी घेतली आणि भाऊजींच्या पानात ठेवून हलकेच म्हणाले, "खाऊन घे. आई बघत नाहीये. उद्या शाळेत पंतोजींनी मारलं तर मला सांग, मी येतो."

भाऊजी साठीचे. त्यांनी ती पुरी हातात घेतली, पण बराच वेळ तोंडात घातली नाही. हात धुताना काकींना म्हणाले, "वहिनी, हे त्याला आठवतंय?"

"आहे ना सगळं," काकी म्हणाल्या. "फक्त तुम्हाला त्या सालात जावं लागतं."

मांत्रिकाचं नाव परत निघालं नाही. भाऊजी आणखी आठ दिवस राहिले आणि रोज आपण होऊन दाराशी बसले.

हे वाचून तुम्हाला वाटेल, काकी म्हणजे देवीच. नव्हत्या. एका संध्याकाळी काकांजवळ शेजारणीला बसवून त्या एकट्याच दवाखान्यात आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. रोगी आले, गेले. मी विचारलं, "काकी, काही हवंय?"

"टेंगळावर लावायला काहीतरी द्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "आज सकाळपासून त्यांनी चाळीस वेळा विचारलं, घरी कधी जायचं. एकेचाळिसाव्या वेळी मी त्यांचा हात झटकला. जोरात. ते भिंतीवर आपटले. कपाळाला टेंगूळ आलंय. आणि मलाच विचारतात, बाई, तुम्हाला लागलं तर नाही ना?"

मी मलमाची डबी शोधायला वळलो. मागे आवाज झाला. काकी उठायला गेल्या होत्या आणि बाकाच्या कडेला कोसळल्या होत्या.

डॉक्टरांनी नाडी धरली. शुद्धीवर आल्यावर विचारलं, "किती दिवस नीट झोप नाही?"

"दिवस काय विचारता, महिने विचारा."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "काकी, तुम्ही हात झटकला याची लाज वाटून घेऊ नका. तुम्ही दमला आहात. काकांचा आजार एक आणि तुमचं दमणं दुसरा. पहिल्याला माझ्याकडे औषध नाही, दुसऱ्याला आहे." आणि चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मी सवयीने बाटली उचलली आणि चिठ्ठी वाचली. लिहिलं होतं, "रोज दुपारी दोन तास घराबाहेर. काकांशिवाय."

"हे मिश्रण तुला तयार करायचंय," डॉक्टर मला म्हणाले.

तयार केलं. दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस मी. दोन दिवस सुभेदार. उरलेले दिवस गल्लीतल्या दोघी जणी आळीपाळीने. काकींनी आम्हाला समोर बसवून शिकवलं. चूक काढायची नाही. एका वेळी एकच प्रश्न. मागून येऊन हात लावायचा नाही. "घरी जायचंय" म्हणाले तर हेच घर आहे असं सांगायचं नाही. चला म्हणायचं, गल्लीला एक चक्कर मारून आणायचं. परत आले की म्हणतात, वा, पोचलो. सुभेदारांनी हे सगळं पलटणीचा हुकूम ऐकावा तसं ऐकलं आणि तसंच पाळलं. त्यांना मात्र काका नेहमी वरची जागा देत, म्हणून त्यांची पाळी त्यांना फार प्रिय होती.

दोन तासांचं करायचं काय, हे काकींना कळेना. पहिल्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून आपल्याच खिडकीकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी देवळात गेल्या आणि तिथे बसल्या-बसल्या झोपल्या. पुजाऱ्याने उठवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या शेजारणीबरोबर बोलपट बघायला गेल्या. आयुष्यातला पहिला. येताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आल्या तशा काकांसमोर बसल्या आणि सगळी गोष्ट सांगितली, नटीच्या चालण्याच्या नकलेसकट. काका खूश. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काही आठवेना, म्हणून काकींनी परत सांगितली. तो बोलपट पाच आठवडे चालला आणि काकींनी चार वेळा पाहिला. मला म्हणाल्या, "माझा केवढा फायदा आहे बघा. नवीन गोष्ट शोधावी लागत नाही, आणि ऐकणारा दर वेळी तितकाच हसतो." गंमत म्हणजे गोष्ट हळूहळू बदलत गेली. महिनाअखेर खलनायक सुधारून नायिकेच्या बापाच्या घरी मुनीम झाला होता.

एव्हाना काका त्यांना ओळखत नसत. एकदा माझ्यासमोरच ते उठून म्हणाले, "बाई, तुम्ही फार केलंत. पण आता निघतो. घरी बायको वाट बघत असेल."

मी खाली मान घातली. काकी मात्र पुढे सरकून बसल्या. "कशी आहे हो बायको तुमची?"

काकांनी विचार केला. "हसते छान," ते म्हणाले. "रागावली तरी लवकर विसरते. मन मोठं आहे. स्वयंपाक बेताचा."

काकींनी मला जिन्यापर्यंत पोचवायला येऊन हळूच सांगितलं, "ऐकलंत? पस्तीस वर्षं बोटं चाटून जेवले आणि स्वयंपाक बेताचा म्हणे." पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. दुसऱ्या दिवशी त्या घरातून साजूक तुपाचा असा वास सुटला की सुभेदार पाळी नसताना हजर झाले.

शेवटच्या वर्षी काकांचं बोलणं थांबलं. हात मात्र स्वस्थ राहत नसत. सारखे पांघरुणावरून फिरत, सुरकुत्या काढत. येणारे-जाणारे सगळे म्हणाले, हात धरून ठेवा. काकींनी धुतलेल्या चादरी त्यांच्यासमोर ठेवायला सुरुवात केली. काका एकेक चादर तळहाताने गुळगुळीत करत, कोपऱ्याला कोपरा लावत. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, ऊन अंगणात आलेलं असताना, ते गेले.

तेराव्यानंतर काकी दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "मला सुटका वाटली. खरं सांगते. आणि मग वाटली म्हणून रडू आलं." डॉक्टर म्हणाले, दोन्ही बरोबर आहे. त्या बाकावर थोडा वेळ बसल्या आणि घरी गेल्या.

मुलगा इंदूरला चला म्हणत होता. काकी वर्षभर गेल्या नाहीत, कारण आमच्या डॉक्टरांनी त्यांना कामाला लावलं. इंदरगंजातल्या एका पंसाऱ्याची, म्हणजे किराणा दुकानदाराची, म्हातारी आई अशीच झाली होती. सून कंटाळून गेली होती, सासूला जेवू घालताना रोज रडारड. डॉक्टरांनी काकींना तिथे पाठवलं. काकींनी म्हातारीआधी सुनेला जवळ घेतलं. "तू कब सोई थी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग रोज दुपारी त्या तिथे जाऊ लागल्या. सुनेला दोन तास झोपायला लावून अम्मांशी गप्पा मारत. अम्मा बुंदेलीत बोलत, काकी ग्वाल्हेरच्या मराठीत, आणि दोघींचं काही अडत नसे. तिथून दुसरं घर, मग तिसरं. डॉक्टर थट्टेने मला म्हणत, "आपल्या दवाखान्याची दुसरी शाखा जोरात चालली आहे."

शेवटी मुलगा स्वतः न्यायला आला. निघायच्या दिवशी टांगा इंदरगंजातून जाणार होता. काकींनी तो पंसाऱ्याच्या दुकानापाशी थांबवला आणि खाली उतरल्या. मी दवाखान्याच्या पायरीवरून बघत होतो, मग न राहवून रस्ता ओलांडून गेलो. दुकानाच्या बाजूच्या ओट्यावर सून अम्मांचे केस विंचरत होती. काकी ओट्यावर टेकल्या. अम्मांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसल्या. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "डॉक्टरांना सांभाळा. तेही दमतात, सांगत नाहीत." आणि टांग्यात जाऊन बसल्या.

टांगा निघाला. अम्मा त्याच्याकडे बघत राहिल्या.

"कौन गई?" त्यांनी विचारलं.

सून विंचरता विंचरता म्हणाली, "आपकी सहेली थीं, अम्मा."

"अच्छी थी?"

"बहुत अच्छी थीं."

अम्मांनी थोडा विचार केला. "तो जाने काहे दिया? बुला लो."

सुनेचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. टांगा तोवर चौक ओलांडून स्टेशनच्या रस्त्याला लागला होता. मग ती अम्मांच्या समोर येऊन बसली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बुला लेंगे. पहले ये बताओ, तुम दोनों मिल के क्या बातें करती थीं?"

अम्मा हसल्या आणि सांगायला लागल्या.